विचारायला माणूस असताना

१८ डिसेंबर, बुधवार

पोचलो एकदाचा. पण पोचलो म्हणजे नक्की कुठे, ते अजून कळत नाही.

बहीण शायमा फोनवर म्हणाली होती, "भाई, ठाणे-बेलापूर रोडवर कुणालाही विचार हॉटेल कुठंय." विचारायची वेळच आली नाही, इतकं उंच! सगळी काच. आत नाताळचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी कापसाचा बर्फ. रस्त्यावर लोक अर्ध्या बाह्यांत फिरतायत, आत बर्फ पडलाय.

खोली सातव्या मजल्यावर. दाराला किल्ली नाही, पत्त्यासारखं कार्ड. दार उघडलं, कार्ड जपून खिशात ठेवलं, आणि दिवे काही लागेनात. अंधारात पलंगावर बसून राहिलो. शेवटी साफसफाईची बाई आली – वैजयंती, छातीवर नाव लावलेलं. हसली. "काका, कार्ड तिथं भिंतीत खोचा ना! तवाच लाइट येनार. अंधारात काय जप करताय?" इथल्याच तळवली गावची. तिचं बोलणं ऐकून जरा बरं वाटलं.

न्हाणीघराची भिंतही काचेची! पडदा आहे, पण खोलीच्या बाजूला. कुणाला सुचलं असेल हे?

खिडक्या उघडत नाहीत. हवा आहे, वारा नाही. अजान ऐकू येत नाही. येईपर्यंत अंधार पडलेला, त्यामुळे किबला, म्हणजे मक्केची दिशा, कुठल्या बाजूला तेही समजेना. मोबाइलमधलं होकायंत्र नुसतं भिरभिरत राहिलं. मग पडदा सारला तर खाली पाणी! दिव्यांचे उजेड त्यात हलत होते. जिवात जीव आला. पाणी तिकडे म्हणजे पश्चिम तिकडे, मक्का तिकडे. आमच्या समुद्रकाठच्या गावात शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. पाण्याकडे तोंड करून जानमाज अंथरली.

उशा किती ठेवल्यात! एवढी डोकी कुणाला असतात?

१९ डिसेंबर, गुरुवार

झोप लागली नाही. गादी फार मऊ. पहाटे नमाजेनंतर खिडकीत बसलो, पण बाहेर नुसतं धुरकं. सूर्य दिसलाच नाही.

सबंध दिवस शायमाच्या खारघरच्या फ्लॅटवर. पाहुण्यांनी पाय ठेवायला जागा नाही. म्हणून तर गावाकडच्यांची सोय हॉटेलात केलीय. मुलाकडचेही त्याच हॉटेलात, दोन मजले वर. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे लग्नंच लग्नं – परदेशातली माणसं याच महिन्यात सुट्टी काढतात. नवरा मुलगा अम्मार, त्याचे आजोबा आमच्या शेजारच्या गावचे, केपटाउनला गेले ते तिथलेच झाले. शायमाची कैनात त्याच्याशी फोनवर बोललीय, दोनदा भेटलीय. रविवारी दुपारी हॉटेलच्याच हॉलमध्ये निकाह. महिन्याभरात ती केपटाउनला.

माझी भाची. दात पडलेली, माझ्या वाडीत सुपाऱ्या वेचणारी. आता खारघरलाच फिजिओथेरपीच्या दवाखान्यात लोकांचे गुडघे सरळ करते.

जेवणानंतर मेहुणे आमिर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाई, वकील तुम्ही व्हायचं. मामाचा मान आहे."

वकील म्हणजे निकाहाआधी दोन साक्षीदार घेऊन नवरीकडे जाणारा, तिची इजाजत विचारून खाली काझीला सांगणारा. मी हो म्हटलं. मान आहे खराच. आनंदानेच म्हटलं.

संध्याकाळी करिमुन्निसाला फोन केला. ती आली नाही – अम्मा अंथरुणाला खिळलेली, अंगणात सुपारी वाळत पडलेली. वकील झालो हे ऐकून हसली.

"नीट विचारा हां पोरीला. माझ्यासारखं नको."

"तुझ्यासारखं म्हणजे?"

"अहो, आपल्या निकाहाला मान मी कुठं हलवली होती? मी आपली गप्प बसले होते. फुफीनं मागून धरून हलवली. बायका ओरडल्या, हो म्हणाली, हो म्हणाली!"

आणि पुढे अम्माच्या औषधाचं विचारायला लागली.

औषधाचं नाव मी दोनदा लिहून घेतलं.

इतकी वर्षं. दोन मुलं. मी तर त्या दिवशी मशिदीत बसून होतो. माझ्यापर्यंत 'हो' आलं होतं, आणि मी कबूल म्हटलं होतं.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज सूर्य पाण्यातून वर आला!

हातात तसबीहची माळ घेऊन खिडकीशी बसलो होतो. धुरकं विरळ होत गेलं. पाण्यापलीकडे लाल झालं, आणि बघता बघता सूर्य वर! काय होतंय ते मला कळेना. आमच्याकडे सूर्य पाण्यात जातो. पाण्यातून येताना आयुष्यात पाहिला नव्हता.

मग उजाडलं – डोक्यात.

काल आणि परवा मी मक्केकडे पाठ करून नमाज पढलो!

वैजयंती चादरी बदलायला आली तेव्हा तिला विचारलं. "ते? ती खाडी नाय काका. धारन तलाव हाय. भरतीचं पानी आत घ्यायला केलेला. आमची खाजनाची शेतं व्हती तिथं. खाडी पल्याडच्या अंगाला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "मना इचारायचं ना! मावळत कुठं ते सांगितलं असतं."

विचारायचं ना.

रानात, समुद्रात, कुणी नसताना अंदाजाने दिशा चुकली तर गोष्ट वेगळी. पण विचारायला माणूस असताना विचारलं नाही तर काय? मक्तबात शिकलो होतो, नमाज परत पढावी लागते. सगळ्या परत पढलो. पलंग हलवून, दाराकडे तोंड करून. अल्लाहने ऐकल्या असतील. पण मन काही शांत झालं नाही. नमाज परत पढता येते.

जुम्म्याच्या नमाजेला आमिरच्या गाडीतून गेलो. वाटेत ते पावणे एमआयडीसीतल्या त्यांच्या वर्कशॉपबद्दल बोलत होते, मी हूं हूं करत होतो. शेवटी विचारलंच, "कैनात खूश आहे ना?"

"नाही म्हणाली नाही ती," आमिर म्हणाले. "मी जबरदस्ती केली का भाई? फोटो दाखवला, बोलणं करून दिलं. एकदा तरी नाही म्हणाली का?"

माणूस खोटं बोलत नाही. खरंच म्हणाली नसणार.

दुपारी कैनात स्वतःच आली; काल रात्रीपासून तीही बायकांबरोबर हॉटेलातच राहायला आलीय. दार वाजवून, "मामू, मामीनं भाकऱ्या दिल्या असतील ना? इथला नाश्ता खाऊन तोंड गोड गोड झालंय." तांदळाच्या भाकऱ्या कडक झालेल्या, सोड्यांची चटणी. खाली बसून खाल्लं दोघांनी. मेंदी अजून काढायची होती, म्हणून हात मोकळे होते तिचे.

"अम्मार कसा आहे गं?"

"चांगला आहे. सगळेच म्हणतात."

"आणि तू?"

तिने भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत ठेवला. "मामू, रविवारी तुम्ही विचारायला येणार ना? मी काहीच बोलले नाही तर?"

"कुंवारी मुलगी गप्प राहिली तर हो धरतात."

"आणि काय बोलायचं तेच कळत नसेल, म्हणून गप्प असेल तर?"

 पाण्याचा पेला उचलला. रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

गेली ती. चटणीचा वास खोलीत राहिला. खिडकी उघडत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

अस्वस्थ. सकाळपासून या टोकाच्या लिफ्टपासून त्या टोकाच्या जिन्यापर्यंत फेऱ्या. गालिच्यावर पावलं वाजत नाहीत. आपण चालतोय की नाही हेही कळू नये असं केलंय.

वकील म्हणून दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं असं मनात आलं. शायमा हॉलमध्ये फुलवाल्याशी भांडत होती. तिला म्हटलं, "आमिरच्या भावाला कर ना वकील. माझा घसा बसलाय."

"घसा बसलाय? तुला काय भाषण द्यायचंय?" मग माझ्याकडे नीट बघितलं तिने. बहीण आहे, ओळखते. "भाई, काय चाललंय तुझ्या डोक्यात? नुसतं वर जायचं, विचारायचं, खाली यायचं. बस!"

"आणि ती बोलली नाही तर?"

"कुणाची मुलगी बोलते? मी बोलले होते? तू होतास की तेव्हा."

होतो. खाली पंगती बघत होतो.

"तिचं मन विचारलंस का तू?" मी म्हटलं.

शायमा फुलवाल्याकडे वळली. वळता वळता म्हणाली, "माझी एकच पोर आहे. इतक्या लांब पाठवतेय. मला झोप येते असं वाटतं का तुला?"

तिचाही राग येईना.

नाश्त्याच्या वेळी अम्मार भेटला होता. उंच, लाजरा. माझ्या बशीत माझ्या आधी पपई वाढली त्याने. मराठी बोलतो ते तिकडे आजीकडून शिकलेलं – पन्नास वर्षांपूर्वीचं आमचं गाव त्याच्या तोंडात! "मामू, रात्री नीज लागली का? मना नाय लागली. मी भ्यालेला हाय."

"कशाला रे?"

"ती जास्त बोलत नाय. आम्मी म्हंते, चांगल्या घरची पोरगी हाय, लाजते. मी पन कदी इचारला नाय." आणि हसला. "इचारला न् ती नाय बोलली तर?"

वाईट असता तर सोपं झालं असतं.

दुवा मागितली. एवढंच म्हटलं – मला तिथे नीट उभं राहू दे.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळ. नवा कुर्ता घातलाय.  नाश्त्याला गेलो तेव्हा खाली हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते.

असरच्या नमाजेनंतर

लिहून काढतो, नाहीतर चैन पडणार नाही.

दुपारी जोहरच्या नमाजेनंतर दोन साक्षीदार घेऊन वर गेलो. कैनातच्या खोलीत बायकाच बायका. अत्तर, फुलं, गरम झालेल्या दिव्यांचा वास. ती पलंगाच्या कडेला, मान खाली, ओढणी नाकापर्यंत. मागे तिची फुफी – आमिरची थोरली बहीण – टेकून बसलेली. फुफीचा एक हात ओढणीखाली, मानेशी.

मला एकदम करिमुन्निसा दिसली. तिला त्या दिवशी मी पाहिलंही नव्हतं, तरी दिसली.

"आपा, हात काढा," मी म्हटलं.

"अरे, मी नुसता आधार देतेय पोरीला!"

"आधार नंतर द्या."

 फुफीने हात काढला, पण नजरेने मला भाजून काढलं.

मी गालिच्यावर बसलो, तिच्या समोर, तिचा चेहरा दिसेल असा. मुलाचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं नाव घेतलं, मेहेरची रक्कम सांगितली. म्हटलं, याच्याशी तुझा निकाह लावायची इजाजत आहे का?

ती गप्प.

मीही गप्प. एसीची घरघर. कुणीतरी मागून, "लाजतेय हो! झालं, हो धरा." खाली हॉलमधून फोन यायला लागले. एक साक्षीदार उठायला लागला, मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बेटा," मी म्हटलं, "गप्प राहिलीस तरी चालेल. पण ते गप्प राहणं तुझं असू दे. एवढंच सांग, तुझं आहे का?"

तेव्हा तिने मान वर केली. स्वतः. डोळ्यांतलं काजळ पसरलं होतं.

"मामू, मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"हो म्हणायला जाते तर येत नाही. नाही म्हणायला जाते तर तेही येत नाही. किती दिवस वाट बघतेय, आज कळेल, उद्या कळेल... मला खरंच माहीत नाही."

शायमा दारात उभी होती. "आता? आता माहीत नाही?" एवढंच म्हणाली, आणि खाली जमिनीवरच बसली.

लिफ्टमध्ये आम्ही तिघं. कसलंसं वाद्य वाजत होतं. दुसरा साक्षीदार हळूच म्हणाला, "मामू, खाली हो सांगून टाका. वर बायका समजावतील. संध्याकाळपर्यंत पोरगी हसायला लागेल."

लागली असती. माझी बायकोही लागली होती.

खोटं कशाला लिहू, हो सांगून टाकावं असं मनात आलं होतं. लिफ्टचं दार उघडेपर्यंत होतं.

काझीसाहेबांनी विचारलं, "इजाजत मिळाली?"

"नाही."

"मुलगी नाही म्हणाली?"

"तेही नाही. मला माहीत नाही, असं म्हणाली."

 काझीसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हातारा माणूस, किती लग्नं पाहिली असतील! म्हणाले, "मग आज निकाह नाही." मग आमिरकडे वळून, "जेवण तयार आहे ना? वाढायला घ्या. अन्नाचा काय गुन्हा आहे?"

आणि लोक जेवले! आधी कुजबुजत, मग नीट. आमिर उठले. बाह्या वर करून डेगीशी उभे राहिले आणि स्वतःच्या हाताने प्रत्येकाला बिर्याणी वाढली. मी त्यांच्याजवळ गेलो, तर माझ्याही ताटात वाढली. डोळे वर केले नाहीत.

अम्मारची आई रडत होती. त्याचे काका मोठमोठ्याने इंग्रजी बोलत होते. अम्मारने सेहरा काढून मांडीवर ठेवला. मग उठून माझ्या शेजारी येऊन बसला.

"मामू, ती बरी हाय ना?"

मी मान हलवली. 

मगरिबनंतर

शायमा येऊन गेली. उभ्या उभ्या. "तुला वकील केला होता भाई, न्यायाधीश नाही! सगळ्या जमातीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." गेली. दार हळूच मिटलं. इथली दारं आपटताही येत नाहीत.

बरोबर केलं का? माहीत नाही. आता मलाही हेच दोन शब्द पुरतायत.

२३ डिसेंबर, सोमवार

परत जायची तयारी. गाडी दुपारची.

नाश्त्याला खाली गेलो तर कोपऱ्यातल्या टेबलाशी कैनात आणि अम्मार. ती साध्या सलवार-कमीजमध्ये, मेंदी कोपरापर्यंत. समोर दोन कप, प्यायलेले नाहीत. पलीकडच्या टेबलावर फुफी पहाऱ्याला, पाठमोरी. कैनात बोलत होती – हात हलवून, भराभर, दवाखान्यातल्या पेशंटला सांगावं तशी. तो ऐकत होता. मग तो बोलला आणि ती ऐकत राहिली. हसलं कुणीच नाही.

वैजयंती पाण्याचा जग घेऊन त्या बाजूला आली होती. माझ्या कानाशी, "काका, कालचा लगीन मोडला ना?"

"मोडलं नाही."

"मंग झाला?"

"झालंही नाही."

"मंग हाय तरी काय?"

"विचारतायत एकमेकांना."

तिने त्या टेबलाकडे बघितलं. "लवकर सुचला," म्हणाली, आणि जग ठेवून गेली.

निघताना कैनात लिफ्टपाशी आली. डोक्यावर हात ठेवला मी तिच्या. ती म्हणाली, "मामू, अम्मी अजून बोलत नाही माझ्याशी."

"माझ्याशीही नाही."

तेव्हा हसली. दात पडलेली पोर होती तशी.

कार्ड काउंटरवर परत दिलं. झाडाखालचा बर्फ कुणीतरी झटकून पुन्हा नीट मांडत होतं.

२४ डिसेंबर, मंगळवार

घरी. वारा!

२५ डिसेंबर, बुधवार

करिमुन्निसाने सगळं दोनदा ऐकून घेतलं. फुफीच्या हाताशी आल्यावर तिने अडकित्ता खाली ठेवला. "तुम्ही असं म्हणालात? हात काढा?" मग बराच वेळ सुपारी सोलत राहिली.

मला तिला काहीतरी विचारायचंय. दिवसभर अंगणातून घरात, घरातून अंगणात. अम्मा म्हणाली, "याला काय झालंय? बूड टेकत नाही."

२६ डिसेंबर, गुरुवार

आज विचारणार होतो. अम्माचा ताप वाढला. तापाचं खरं आहे, पण भीतीही खरी आहे.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे फजरनंतर करिमुन्निसा अंगणात सुपारी पसरत होती. समोर जाऊन मातीतच बसलो. माझं नाव घेतलं, माझ्या बापाचं नाव घेतलं. म्हटलं, याच्याशी तुझा निकाह लावायची इजाजत आहे का?

ती हसायला लागली. मग माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं. सुपारी हातातच राहिली.

म्हणाली, "विचार करून सांगते."